एकेकाळी एकास एक, आज एकाला वीस! केनिया-टांझानियाच्या शिलिंगमध्ये एवढा फरक का पडला?
केनिया आणि टांझानिया या शेजारी देशांत पूर्वी एकच चलन होतं, पूर्व आफ्रिकी शिलिंग. त्याआधी, १९२० पर्यंत, केनियात चक्क भारतीय रुपया चालायचा!

१९६६ मध्ये दोन्ही देशांनी आपापला शिलिंग काढला. दर होता एकास एक.

१९७७ मध्ये पूर्व आफ्रिकी समुदाय मोडला, सीमाही बंद झाली. टांझानियात टंचाई वाढली. सरकारी दर कागदावर टिकला, पण काळ्या बाजारात शिलिंग घसरत गेला. अखेर १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची मदत घेताना मोठं अवमूल्यन करावं लागलं.

आज एका केनियन शिलिंगला साधारण २० टांझानियन शिलिंग मिळतात.

पुन्हा सामायिक चलन आणायचं ठरलंय. आधी २०२४ चं असलेलं उद्दिष्ट आता २०३१ वर गेलंय.