नाताळाआधीची वाट

मंडळी, ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या काठाने कधी गेला असाल, तर तिथले जुने चर्च तुम्ही पाहिले असेल. पोर्तुगीज अमदानीपासूनचे हे देऊळ बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाच्या नावाचे आहे. हा योहान कोण? तर येशूच्या आधी पुढे येऊन, येणाऱ्यासाठी वाट नीट करा, असे लोकांना बजावणारा. नाताळाआधीच्या चार रविवारांना ख्रिस्ती लोक 'आगमनकाळ' म्हणतात. त्या दिवसांत देवळादेवळांतून याच योहानाचे स्मरण होते.

आता तलावावरून बाजारात या. ठाणे घ्या, डोंबिवली घ्या, नाहीतर कल्याण. दिवाळीचे कंदील उतरतात न उतरतात तोच दुकानांत चांदण्या लटकू लागतात. मोठ्या मॉलमध्ये झाड उभे राहते, लाल टोपीचा म्हातारा हात हलवू लागतो. नोव्हेंबरातच नाताळ येतो आणि २५ डिसेंबरच्या रात्री संपतो. धर्माचे पंचांग नेमके उलटे आहे. त्यात २५ तारखेला नाताळ सुरू होतो. त्याआधीचे दिवस असतात ते वाट पाहण्याचे.

ही वाट पूर्वी रिकाम्या पोटी पाहायची, बरे का! पाचव्या शतकात फ्रान्समधील तूर या गावी पर्पेच्युअस नावाचे बिशप होते. त्यांनी ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास लावून दिला. आपल्याकडे श्रावण पाळतात, चातुर्मासात कांदा-लसूण सोडतात, तशातलाच हा नेम. सणाच्या गोडाआधी जिभेला आवर घालायचा. आजही पुरोहित या काळात जांभळी वस्त्रे घालतात. तो रंग अनुतापाचा आहे, मिरवण्याचा नाही.

म्हणाल, हे सगळे परदेशातले झाले. तर आपल्या मातीकडे वळू. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या एका व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे, की 'कल्लियाना' येथे इराणातून नेमलेला बिशप असतो. हे कल्लियाना म्हणजे आपलेच कल्याण बंदर, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. पुढे १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात आले. त्यांनाही इथे ख्रिस्ती घरात आसरा मिळाला. म्हणजे पोर्तुगीज येण्याआधीच इथे ही मंडळी नांदत होती. आणि गंमत पाहा, कल्याणची ही साक्ष लिहून ठेवली ती एका व्यापाऱ्याने! बाजाराचे आणि भक्तीचे मुळात वैर नाही. दोघेही एकाच गलबतातून आले.

मराठीत तर या वाट पाहण्याचे पुराणच आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्या. त्याचे दोन भाग आहेत. येशूचे चरित्र येते ते दुसऱ्यात. त्याआधी पहिल्या पुराणाचे ३६ अध्याय आहेत. त्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या माणसांच्या पिढ्यांमागून पिढ्या येतात. श्रोत्याला पाळण्यापाशी नेण्याआधी फादरांनी इतके चालवले! घाई त्यांना ठाऊक नव्हती.

मग ही घाई आली कुठून? एक उदाहरण देतो. १८३९ साली हँबुर्ग येथे योहान विखेर्न नावाचे पाद्री गरीब मुलांचा आश्रम चालवत होते. मुले रोज विचारीत, "नाताळ कधी?" त्यांनी एका लाकडी चाकावर २४ मेणबत्त्या बसवल्या, रविवारच्या चार मोठ्या आणि इतर दिवसांच्या वीस लहान. रोज एक लावायची. मुलांचे मोजणे झाले आणि वाट पाहणेही गोड झाले. जर्मनीतील काही घरांत तर दारावर खडूच्या २४ रेघा ओढून रोज एक पुसत असत. विसाव्या शतकाच्या आरंभी याचीच छापील दिनदर्शिका निघाली. पुढे तिच्या खिडक्यांत चॉकलेट आले. वाट पाहायला शिकवणारी वस्तू रोज काहीतरी हातावर ठेवू लागली!

खरेदी करूच नये, असे मी म्हणत नाही. सणाला नवे कपडे हवेत, न्यूऱ्या आणि कुलकुल हवेत. पण कुलकुल काट्याच्या नाहीतर फणीच्या पाठीवर एकेक वळताना आजी, सुना, मुले एका परातीभोवती बसत. ते बसणे हीच आगमनाची तयारी होती. आज डोंबिवलीच्या गाडीतून रात्री नऊला उतरणाऱ्या बाईला ते कसे जमावे? तिने पुडा विकत घेतला म्हणून तिला बोल लावू नये. पण एक तरी संध्याकाळ बाजाराकडून सोडवून घ्यावी, इतके तर जमेल ना? कल्याणच्या नावाने १९८८ साली सीरो-मलबार पंथाचा धर्मप्रांत झाला. त्या पंथात १ डिसेंबरपासून पंचवीस दिवस मांसाहार वर्ज्य करण्याची जुनी रीत आहे. शहरातल्या धावपळीतही ती पाळणारी घरे आहेत.

गुरुजनांनो, डिसेंबरात शाळेत नाताळ साजरा कराल तेव्हा लाल टोप्या वाटण्याआधी फळ्यावर खडूच्या रेघा ओढा. रोज एक पुसायला मुलांना सांगा. आणि योहानाची गोष्टही सांगा. आम्ही काय करावे, असे लोकांनी विचारले तेव्हा त्याने उपाय सांगितला तो अगदी साधा होता: ज्याच्यापाशी दोन अंगरखे असतील त्याने एक नसणाऱ्याला द्यावा. तिसरा घ्यावा, असे काही तो म्हणाला नाही.