मानेतल्या गाठींचा निवाडा

कोल्हापूरच्या दक्षिणेस सुमारे पन्नास किलोमीटरांवर, वेदगंगेच्या खोऱ्यात वसलेले गारगोटी हे भुदरगड तालुक्याचे मुख्य ठाणे महाराष्ट्राला ठाऊक आहे ते १९४२ सालच्या डिसेंबरात तेथील कचेरीवर चालून गेलेल्या हुतात्म्यांमुळे, आणि पुढे दहा वर्षांनी जे. पी. नाईक यांनी तेथे उभारलेल्या मौनी विद्यापीठामुळे. परंतु या मुलखाला आणखीही एक इतिहास आहे. तो तोंडातल्या न भरणाऱ्या जखमेचा आणि तिच्या मागोमाग मानेत उठणाऱ्या गाठीचा.

पोर्तुगीजांबरोबर हिंदुस्थानात आलेली तंबाखू सतराव्या शतकाच्या आरंभीच आदिलशाही अंमलाखाली इतकी रुळली होती, की अकबराचा वकील असद बेग याला ती विजापुरात आढळली आणि तेथून त्याने ती बादशहापुढे नेऊन ठेवली. पुढे गारगोटीच्या पूर्वेस निपाणी ही तंबाखूची नामांकित पेठ झाली, आणि पुरुषाच्या कनवटीला चंची व चुन्याची डबी, तर बाईच्या चुलीपाशी मिश्री भाजण्याचा तवा, अशी घरोघरची रीत पडली. तंबाखू काळी होईस्तोवर भाजून कुटलेली ती मिश्री दातांना लावून बराच वेळ तोंडात धरणाऱ्या स्त्रीला ते व्यसन वाटतच नसे, दंतमंजन वाटे. गालफडात बार धरून औतामागे चालणाऱ्या पुरुषाला तो शीण विसरण्याचा उपाय वाटे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, तेव्हा तेथील विकृतिशास्त्राची धुरा वाहणाऱ्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी लोकांच्या या सवयी आणि मुखाचा कर्करोग यांचा संबंध शास्त्राच्या कसोटीला लावण्याचे मोठे काम केले.

गाठीचे भय प्राचीनांनाही होते. सुश्रुताने ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचे निदान एकाच अध्यायात सांगितले, आणि अर्बुदाचा अंश मागे राहिला तर ते पुन्हा उद्भवते, असे बजावून ठेवले. मानेच्या शस्त्रक्रियेचा आधुनिक इतिहास या मागे राहणाऱ्या शेषाभोवतीच फिरतो. मुखाचा कर्करोग रक्तावाटे दूर पसरण्यापूर्वी दीर्घ काळ मानेतल्या लसिकाग्रंथींतच अडकून राहतो, हे ओळखून अमेरिकेतील क्लीव्हलंडचे शल्यविशारद जॉर्ज क्राइल यांनी १९०६ साली १३२ शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. जबड्याच्या कडेपासून गळपट्टीच्या हाडापर्यंतच्या साऱ्या ग्रंथी, त्यांच्या भोवतीची चरबी, कानामागून छातीकडे उतरणारा जाड स्नायू आणि गळ्यातील मोठी नीला हे सर्व एकसंध काढून टाकावे, असा त्यांचा मार्ग होता. आणि न्यूयॉर्कच्या हेज मार्टिन यांनी शतकाच्या मध्यास त्याला सर्वमान्य नियमाचे रूप दिले.

या नियमाची किंमत रुग्णाचा खांदा मोजत असे. मानेची कातडी पडद्यासारखी उचलली, म्हणजे पिवळसर चरबीतून तिरकी जाणारी, सुतळीहूनही बारीक अशी एक पांढरी नाडी दिसते. ती तुटली की खांदा खाली ओघळतो, हात डोक्यावर जात नाही आणि दुखणे कायमचे मागे लागते. डोक्यावर वैरणीचा भारा घेणाऱ्या बाईचे किंवा खांद्यावरून खताची पाटी वाहणाऱ्या गड्याचे आयुष्य त्या एका नाडीवर तोललेले असते. ही नाडी, नीला आणि स्नायू राखूनही ग्रंथी समूळ काढता येतात, हे अर्जेंटिनाच्या ओस्वाल्डो सुआरेझ यांनी १९६३ साली दाखविले. इटलीतील एत्तोरे बोका यांनी ती पद्धत युरोपभर नेली. पुढे, तोंडाच्या आरंभीच्या कर्करोगात जबड्याखालच्या आणि मानेच्या वरच्या व मधल्या भागातल्या ग्रंथी काढणे बहुधा पुरेसे होते, असाही निष्कर्ष निघाला.

किती कापावे याचा वाद असा मिटत आला, तरी केव्हा कापावे हा प्रश्न मात्र उरलाच. जिभेवर लहानशी जखम आहे आणि मानेत बोटांना काहीच लागत नाही, अशा रुग्णाची मान तेव्हाच उघडावी, की गाठ येईतो वाट पाहावी? टाटा रुग्णालयातून १९८९ साली प्रसिद्ध झालेली एक छोटी चाचणी हा तंटा तोडण्यास अपुरी पडली. मग २००४ ते २०१४ या काळात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथेच ५९६ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले, आणि २०१५ साली पहिल्या ५०० जणांचा निकाल जाहीर केला. आरंभीच मान शस्त्राने साफ केलेल्यांपैकी तीन वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण शेकडा ८० होते. गाठीची वाट पाहिलेल्यांत ते ६७.५ भरले. म्हणजे दर आठ शस्त्रक्रियांमागे एक जीव वाचत होता. आधी मान उघडलेल्यांत दुष्परिणाम काहीसे अधिक, शेकडा ६.६ विरुद्ध ३.६, आढळले खरे, पण वाचलेल्या जिवांपुढे त्यांचे पारडे हलकेच राहिले. साऱ्या जगाच्या वैद्यकाने मान्य केलेला हा निवाडा मुंबईत, आपल्याच लोकांच्या देहांवरून झाला, ही मला अभिमानाची आणि तितकीच जबाबदारीची गोष्ट वाटते.

त्या निकालातली एक बाब गारगोटीच्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे. वाट पाहिलेल्या गटात ज्यांना पुढे गाठ आली, त्यांची गाठ हाती लागली तेव्हा रोग बहुधा पुढे सरकलेला, ग्रंथीचे कवच फोडून बाहेर पडलेला होता. आणि हे घडले ते ठरल्या वेळी तपासणी होणाऱ्या चाचणीत. मग रोप लावणीच्या दिवसांत चिखलातून पाय न काढू शकणारा, कोल्हापूरच्या फेरीसाठी एका दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे मोजणारा, मानेतल्या फुगवट्याला अवधाण समजून त्यावर लेप चढविणारा माणूस दर दोन-तीन महिन्यांनी तपासणीस रुजू होईल, हा भरवसा कोणी धरावा? थांबून पाहण्याचे धोरण पुन्हा येऊ शकणाऱ्यांसाठीच आखलेले असते. अंतर आणि दारिद्र्य हीही रोगाची लक्षणे मानूनच शस्त्रवैद्याने निर्णय केला पाहिजे.

आरोग्यसेवेची उभारणी खेड्यापासून व्हावी, असे सांगणाऱ्या १९८१ सालच्या 'सर्वांसाठी आरोग्य' या राष्ट्रीय अहवालामागे गारगोटीच्याच जे. पी. नाईकांची दृष्टी होती. त्या दृष्टीने पाहता तालुक्याचे पहिले कर्तव्य स्पष्ट आहे: प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या प्रत्येक तंबाखू खाणाऱ्याचे आणि मिश्री लावणारीचे तोंड उजेडात पाहावे, तीन आठवड्यांत न भरलेल्या जखमेचा तुकडा तपासणीस धाडावा, आणि रोग ठरला तर मानेचा विचार जिभेच्या किंवा गालाच्या शस्त्रक्रियेबरोबरच करण्याची गोष्ट घरच्यांना आधीच समजावून सांगावी. मानेचा निवाडा पहिल्याच वेळी व्हावा, हा पुन्हा येणे ज्याला परवडत नाही त्याचा हक्क मानला पाहिजे.