झोप हरवलेली मुले आणि व्हिएन्नाचे एक डॉक्टर

१९१६-१७ चा हिवाळा. पहिल्या महायुद्धाचे तिसरे वर्ष चालू होते. व्हिएन्नात अन्न आणि कोळसा दोन्हींची टंचाई होती. तेथील विद्यापीठाच्या मनोरुग्ण चिकित्सालयात अशा तक्रारी घेऊन रुग्ण येऊ लागले, ज्यांना नाव नव्हते. ताप, डोकेदुखी, एका वस्तूच्या दोन दिसणे, जड होऊन मिटणाऱ्या पापण्या आणि मग झोप. तोंडात घास असतानाच माणूस झोपी जाई. हाक मारली की जागा होई, विचारलेल्याचे नीट उत्तर देई आणि पुन्हा झोपेत बुडे.

हे रुग्ण डॉ. कॉन्स्टंटिन फॉन एकॉनोमो यांच्या हाती आले. ट्रिएस्टमध्ये वाढलेले, ग्रीक वंशाचे हे गृहस्थ मेंदूतज्ज्ञ होते आणि निष्णात विमानचालकही. भाऊ युद्धात मारला गेल्यावर आईवडिलांच्या आग्रहास्तव ते आघाडीवरून परतले होते. १९१७ च्या वसंतात त्यांनी या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला नाव दिले ‘एन्सेफलायटिस लेथार्जिका’. लोकांनी त्याला ‘झोपेचा आजार’ म्हटले. आफ्रिकेत त्सेत्से माशीमुळे होणाऱ्या निद्रारोगाशी त्याचा काहीही संबंध नाही. ही गल्लत आजही होते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाशीही त्याची सांगड घातली जाते, पण फॉन एकॉनोमो यांचा लेख त्या साथीच्या आधीचा आहे.

साथ युरोपभर आणि पुढे जगभर पसरली तेव्हा एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. सगळेच रुग्ण झोपत नव्हते. काहींची झोप पार उडाली होती; हातपाय अखंड हलत, थकव्याने शरीर मोडून जाई, तरी डोळा लागत नसे. मुलांमध्ये तर दिवस-रात्रीची अदलाबदल झाली. ताप उतरून महिने लोटले तरी ही मुले दिवसभर पेंगत आणि रात्र पडू लागली की अस्वस्थ होत. अंथरुणात उठबस, उशांची उलथापालथ, शीळ घालणे, गाणी, बडबड. पहाटे कुठे डोळा लागे.

त्यातच स्वभाव पालटला. आजवर समंजस असलेले मूल खोटे बोलू लागे, चोरी करी, भावंडांना मारी. बुद्धी बहुधा शाबूत असे, आणि हीच त्याची अडचण ठरली. ज्याला सगळे कळते, तो मुद्दामच करतो, असे शाळेला आणि घरच्यांना वाटे. शिक्षा झाल्या; अनेक मुलांची रवानगी संस्थांमध्ये झाली. लंडनच्या विंचमोर हिल येथे १९२५ मध्ये अशा मुलांसाठी स्वतंत्र विभाग उघडावा लागला, यावरून प्रश्नाची व्याप्ती ध्यानी यावी.

फॉन एकॉनोमो यांनी मात्र दगावलेल्या रुग्णांच्या मेंदूंचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. जे अखंड झोपले होते, त्यांची इजा मध्यमेंदू आणि हायपोथॅलॅमसचा मागचा भाग यांच्या सांध्यावर होती. डोळ्यांच्या हालचाली सांभाळणाऱ्या मज्जातंतूंची केंद्रे तेथून जवळच आहेत, म्हणून पापण्या मिटत. ज्यांची झोप उडाली होती, त्यांची इजा हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात आणि त्याच्या आसपास होती. अनुमान सरळ होते, पण त्या काळी धाडसी: पुढचा भाग झोप आणतो, मागचा जागे ठेवतो. थकलेला मेंदू दिव्यासारखा मालवतो म्हणजे झोप, ही रूढ समजूत होती. येथे मात्र झोप हे मेंदूचे स्वतःचे काम ठरत होते, आणि काम म्हटले की ते बिघडूही शकते.

१९३० मध्ये हे विवेचन इंग्रजीत प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी फॉन एकॉनोमो वारले. वय अवघे पंचावन्न. १९४६ मध्ये नाउटा यांनी उंदरांवर प्रयोग केले: पुढचा भाग छेदला तर झोप जाई, मागचा छेदला तर उंदीर झोपून राही. ज्या पेशी झोप आणतात, त्यांचा नेमका पुंजका हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात सापडायला १९९६ उजाडले. जाग टिकवणारे ओरेक्सिन हे द्रव्य १९९८ मध्ये हाती आले. ते बनवणाऱ्या पेशी नष्ट झाल्या की नार्कोलेप्सी होते. हा आजार बहुधा किशोरवयात सुरू होतो आणि वर्गात झोपणाऱ्या अशा मुलाला आधी ‘आळशी’ हेच नाव मिळते.

साथ १९२० च्या दशकाच्या अखेरीस ओसरली. तिचे कारण आजही निश्चित झालेले नाही. वाचलेल्यांपैकी अनेकांना पुढे पार्किन्सनसारखी जखडण आली. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात ऑलिव्हर सॅक्स यांनी त्यांतील काहींना एल-डोपा हे औषध दिले आणि दशकानुदशके निश्चल असलेली माणसे उठून बोलू-चालू लागली. बहुतेकांच्या बाबतीत हा परिणाम टिकला नाही. आजार जडला तेव्हा त्यांतील काही जण शाळेत जाण्याच्या वयाचे होते.