नोकरीतील परिचारिका आणि तिची पदवी : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात एक टिपण

रुग्णसेवेच्या चार आधारांत वैद्य, औषध व रोगी यांच्या बरोबरीने सेवकाची गणना आयुर्वेदाने केली आहे. चरक त्याला 'उपस्थाता' म्हणतो, तर सुश्रुत 'परिचारक'. चरकाने सांगितलेल्या त्याच्या गुणांत पहिला गुण उपचाराचे ज्ञान हा आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुढे 'परिचारिका' या रूपाला दासीचा अर्थ चिकटला. महाराष्ट्र शासनाची आजची पदनामे पाहिली तर अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका ही सारी 'चर्' व 'सेव्' या धातूंभोवती फिरतात. ज्ञानाचा निर्देश करणारे पदनाम काय ते 'पाठ्यनिर्देशिका' हे एकच. आणि त्या पदाची वाट पदवीवरून जाते. नोकरीतील परिचारिकेला पदवी का हवी असते, याचे अर्धे उत्तर या शब्दांतच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या जे. जे. व कामा रुग्णालयांत परिचर्येचे शिक्षण सुरू झाले. तेव्हा शिकणे व राबणे यांत भेद नव्हता. विद्यार्थिनी हीच वॉर्डातील कामकरीण असे. पुण्यात १९०९ साली सेवासदनाचे कार्य सुरू झाल्यावर रमाबाई रानडे यांनी उच्चवर्णीय घरांतील स्त्रियांना, त्यांतही विधवांना, ससून रुग्णालयात शिक्षणासाठी पाठविले. परपुरुषाची शुश्रूषा हे हलके काम मानणाऱ्या समाजात ही गोष्ट सोपी नव्हती. विद्यापीठाने मात्र या विद्येकडे बराच काळ पाहिले नाही.

१९४६ साली भोर समितीने देशात ४३,००० लोकसंख्येमागे एक परिचारिका असल्याचे नमूद केले. त्याच वर्षी दिल्ली व वेल्लोर येथे पदवी अभ्यासक्रम निघाले. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषदेचा पाया घातला, आणि मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठाचे परिचर्या महाविद्यालय १९६४ साली उभे राहिले. मात्र यातून दोन वर्ग निर्माण झाले : प्रथमपासून पदवीसाठी शिकणाऱ्या थोड्या, आणि रुग्णालयाशी जोडलेल्या विद्यालयातून पदविका घेऊन थेट कामावर जाणाऱ्या पुष्कळ. दुसऱ्या वर्गासाठी 'पोस्ट बेसिक' पदवी काढण्यात आली. तीत पदविकेचे शिक्षण जमेस धरले जाते, म्हणून ती दोन वर्षांत पुरी होते. पण ती दोन वर्षे महाविद्यालयात हजर राहावे लागते.

ही अट कोणाला जाचते? वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. (१९०५ पर्यंत तो स्वतंत्र होताच, तेव्हा ही पुनःस्थापना म्हणावी.) नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठही योगायोगाने त्याच वर्षीचे. २०१८ साली केंद्र शासनाच्या आकांक्षित जिल्ह्यांत वाशीमची गणना झाली. मानोरा वा रिसोडच्या परिचारिकेने दोन वर्षांची रजा मागितली, तर तिची पाळी कोणी सांभाळायची हा रुग्णालयाचा प्रश्न, आणि वेतनाविना घर कसे चालवायचे हा तिचा. अध्ययन-रजा मंजूर होईपर्यंत वयाची व उमेदीची वर्षे सरतात.

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९९४ साली हीच पदवी दूरशिक्षणाने देण्यास आरंभ केला, तो या कोंडीवरचा सर्वांत विचारपूर्वक उपाय होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. नोंदणीकृत, अनुभवी व नोकरीत असलेल्या परिचारिकेलाच प्रवेश. मुदत किमान तीन वर्षे. आणि प्रात्यक्षिक अभ्यासकेंद्राशी संलग्न रुग्णालयात. एक वर्ष अधिक लागते, पण पगार तुटत नाही. पुस्तके मात्र इंग्रजी. वाशीमच्या वॉर्डात दुखणे सांगितले जाते ते वऱ्हाडीत, आणि पोहरादेवीच्या परिसरातील तांड्यांवरून आलेल्या रुग्णाकडून गोरमाटीत. ती भाषा परिचारिकेला पुस्तकातून मिळत नाही, कामातूनच मिळते. म्हणून तिला कामावरून न हलविता शिकविण्यात केवळ सोय पाहू नये.

अलीकडे घरबसल्या परिचर्येची पदवी देण्याच्या जाहिराती आढळतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनी दूरस्थ व ऑनलाइन पदवीसाठी निषिद्ध ठरविलेल्या विषयांत परिचर्येचा समावेश केला आहे, हे त्यांत सांगितलेले नसते. परदेशांतील विद्यापीठे नोंदणीकृत परिचारिकांना अशी पदवी देतात हे खरे. पण तेथील मान्यता तेथील परवान्याशी बांधलेली असते. येथील परिचारिकेने शुल्क भरण्यापूर्वी भारतीय परिचर्या परिषदेची त्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे काय, प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात व किती दिवस होणार, आणि पदवी मिळाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषद ती अतिरिक्त अर्हता म्हणून नोंदवून घेईल काय, हे लेखी विचारून घ्यावे. नोंद न झालेली पदवी सेवापुस्तकात चढत नाही, व पाठ्यनिर्देशिकेच्या जागेसाठी केलेल्या अर्जासही तिचा आधार मिळत नाही.