विहिरीतल्या इंजिनचा सायलेन्सर

नातेपुतं म्हटलं की बहुतेकांना आठवते ती ज्ञानेश्वर माऊलींची पालखी. बरडचा मुक्काम आटोपून पालखी धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि आमच्या गावात मुक्कामाला येते. मला मात्र नातेपुतं म्हटलं की इंजिन ऐकू येतं. पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या कोणाच्या मळ्यात पाणी चालू आहे हे आम्ही नुसत्या ठोक्यावरून सांगायचो.

मागच्या वेळी गावी गेलो तेव्हा गोठ्यामागच्या अडगळीत एक गंजलेला लोखंडी डबा सापडला. एका बाजूला फ्लँज, दुसऱ्या बाजूला पाईपचा तुकडा, आणि खालच्या शिवणीला बोटभर लांबीची फट. तात्यांना (म्हणजे चुलते) विचारलं तर म्हणाले, "आरं, त्योच तो. टाकला न्हाय मुद्दाम." या डब्याची गोष्ट मी लहानपणापासून तुकड्यातुकड्यांनी ऐकत आलोय. या वीकेंडला ती नीट जुळवायची असं ठरवलं.

आधी इंजिन विहिरीत का, ते सांगतो. शहरातल्या मित्रांना हे खरंच वाटत नाही. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण खरं तर हवेचा दाब पाणी वर ढकलतो. त्यामुळे कितीही भारी पंप आणला तरी साधारण १०.३ मीटरच्या, म्हणजे ३४ फुटांच्या वर पाणी चढत नाही. प्रत्यक्षात तर २०-२५ फुटांवरच फुटव्हॉल्व्ह रुसून बसतो. माळशिरस तालुक्यातला जो भाग नीरा उजव्या कालव्याखाली आला (भाटघरचं जुनं धरण १९२८ सालचं) त्याची गोष्ट वेगळी. आमचा मळा कालव्याच्या वरच्या अंगाला. १९७२ च्या दुष्काळानंतर विहिरी खोल खोल होत गेल्या आणि पाणी जसं खाली गेलं तसा पंपही खाली उतरला. इंजिन पट्ट्याने पंपाला जोडलेलं, मग तेही त्याच्यामागे खाली. विहिरीच्या पोटात खडक कोरून एक टप्पा करायचा आणि त्यावर जोडी बसवायची. आता इंजिन खाली म्हणजे धूरही खालीच.

इंजिनं आली कुठून, तर सुरुवातीला विलायतेहून. डर्स्लीच्या लिस्टर कंपनीचं ते संथ, अवजड फ्लायव्हीलचं इंजिन मिनिटाला ६५० फेरे घ्यायचं. मग आपल्याकडची आली. साताऱ्याच्या धनजीशा कूपरांनी १९३० च्या दशकात डिझेल इंजिनं बनवायला घेतली. (हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. इंजिन बनवणारा मुख्यमंत्री आपल्याला मिळाला होता, हे किती जणांना माहीत आहे?) १९४६ साली खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स सुरू झाली आणि पुढे मळ्यामळ्यात पाच हॉर्सपॉवरचं उभं इंजिन दिसायला लागलं. बोअर ८० मिलिमीटर, स्ट्रोक ११०, मिनिटाला १५०० फेरे.

सायलेन्सर मात्र अमेरिकेतला. इंडियाना राज्यातल्या रीव्ह्ज बंधूंनी १८९७ साली त्याचं पेटंट घेतलं. गंमत म्हणजे रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनची ऑग्सबर्गमधली यशस्वी चाचणीही १८९७ चीच. आवाज आणि आवाज दाबायचं यंत्र एकाच वर्षी जगात आलं म्हणायचं :-)

सायलेन्सरचं तत्त्व सोपं आहे. अरुंद पाईपमधून आलेली दाबाची लाट एकदम मोठ्या पोटात शिरली की तिचा बराच भाग उलटा फिरतो. पुढे पुन्हा अरुंद तोंड, म्हणजे पुन्हा तेच. आता हिशोब बघा. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पेटतं. १५०० फेऱ्यांना ७५० ठोके, म्हणजे सेकंदाला साडेबारा. चारशे अंश तापलेल्या धुरात आवाजाचा वेग सेकंदाला ५२० मीटरच्या आसपास, म्हणजे एक लाट चाळीस मीटरहून लांब! एवढी लांब लाट हातभर डब्यात काय अडणार? डबा फटफटीतला कर्कशपणा काढतो, ठोका तसाच राहतो. चार मळ्यांपलीकडून इंजिन ओळखू यायचं ते त्याच्यामुळेच.

असो. आमच्या विहिरीत सायलेन्सर थेट इंजिनच्या तोंडाशी होता आणि त्याच्या पुढून दीड इंची पाईप वर काठापर्यंत. सगळेच तसं बसवायचे. गोम पाण्यात आहे. एक लिटर डिझेल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. ते वाफ होऊन निघतं, पण विहिरीतल्या थंड पाईपला लागून त्याचे थेंब होतात आणि उतरत उतरत सायलेन्सरच्या बुडाशी साचतात. त्या काळच्या डिझेलमध्ये गंधक भरपूर (१० पीपीएमचं डिझेल देशभर आलं ते एप्रिल २०२० मध्ये), त्यामुळे ते पाणी आम्लाचं. डबा बाहेरून ठणठणीत, आतून पोखरलेला.

१९८३ चा उन्हाळा. पहाटेपासून इंजिन चालू होतं. दहाच्या सुमाराला आमचा गडी डिझेल ओतायला खाली उतरला तो वर आलाच नाही. हाका मारल्या, उत्तर नाही. आबांनी आधी कंदील दोरीला बांधून खाली सोडला. जुन्या विहिरीत उतरण्याआधी सगळे करतात तसं. कंदील विझला नाही, म्हणून तात्या कमरेला दोर बांधून, तोंडाला ओलं फडकं लावून उतरले. मला हे आज ऐकताना काटा येतो. कंदील विझतो तो प्राणवायू फार कमी झाला तर. कार्बन मोनॉक्साईड त्याला कळत नाही, तो त्यात मजेत जळतो. ओल्या फडक्यालाही तो वायू अडत नाही. म्हणजे दोन्ही खबरदाऱ्या बिनकामाच्या, कामाचा फक्त दोर. तात्यांनी इंजिन बंद केलं, गड्याला दोरात अडकवलं आणि वर ओरडले. गडी वर आल्यावर अर्ध्या तासाने शुद्धीवर आला. तात्यांचं डोकं दोन दिवस ठणकत होतं.

त्यानंतर आठ दिवस इंजिन बंद. ऊस वाळत होता आणि आबा ऐकायला तयार नव्हते. दुकानदार नवा, जाड पत्र्याचा सायलेन्सर द्यायला बसला होता. तात्यांनी मात्र जागाच बदलली. सायलेन्सर विहिरीबाहेर, काठावर. गळायचाच तर उघड्यावर गळू दे. विहिरीतला पाईप दीडचा दोन इंची केला, कारण लांबी आणि बेंड वाढले की धुराला मागे रेटा बसतो, इंजिन गरम होतं आणि काळं ओकतं. सांधे कमीत कमी. पाईपचं वजन इंजिनवर न टाकता खडकात ठोकलेल्या आकड्यांवर घेतलं, आणि इंजिन हादरतं म्हणून मध्ये लवचिक तुकडा. सगळ्यात खालच्या टोकाला टी लावून पाणी सोडायचा कॉक. रोज सकाळी हँडल मारायच्या आधी तो उघडायचा, काळं पाणी जाऊ द्यायचं, बंद करायचा. हा नियम आबांनी घातला आणि स्वतः पाळला.

याची किंमतही होती. विहिरीतला पाईप आता मोकळा ठणठणायचा, खाली काम करणाऱ्याचे कान बधिर व्हायचे. शिवाय इंजिनचा ठोका बदलला. माझा अंदाज असा, की त्या लाटेचा चौथा हिस्सा नऊ-दहा मीटर भरतो आणि आमचा पाईपही जवळपास तेवढाच होता, त्यामुळे तो बासरीसारखा ठोक्याला साथ द्यायचा. तात्यांना हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजी तवा दोन फूट पाईप कापाया पायजे हुता?" मी म्हटलं, बहुतेक. "मंग तवा का न्हाय सांगितलं?"

तेव्हा मी तीन वर्षांचा होतो.

पुढे विजेची मोटर आली, मग बोअर आणि पाण्यात बुडणारा पंप. इंजिन भंगारात गेलं. पाईपचे आकडे अजून खडकात आहेत. डबा मी पुण्याला आणणार होतो, पण तात्यांनी तो परत गोठ्यामागे नेऊन ठेवला.