उपनगरांतील पंगत

मनुष्य काय खातो यापेक्षां तो कोणाच्या पंक्तीला बसून खातो, या प्रश्नानें आपल्या समाजाला अधिक काळ अस्वस्थ ठेवलें आहे. लढाया, तह आणि सनदा यांचा इतिहास आमच्याकडे पुष्कळ लिहिला गेला. परंतु ज्या दिवशीं एखाद्या मध्यमवर्गीय कुटुंबानें घरची चूल शांत ठेवून, नाक्यावरच्या हॉटेलांत जाऊन, शेजारच्या टेबलावर कोण बसलें आहे याची चौकशी न करतां पोटभर खाल्लें, त्या दिवसाची नोंद कोणत्याहि बखरींत सांपडावयाची नाहीं. वस्तुतः आमच्या सामाजिक जीवनांतील तें एक लहानसें राज्यांतरच होतें. तें कसें घडून आलें याचा विचार मुंबईच्या दादर-माटुंगा या एकाच वस्तीपुरता करावा, असें आम्हीं योजिलें आहे. ही वस्ती निवडण्याचें कारण असें कीं, ती जुन्या गांवाभोंवतीं आपोआप वाढलेली नसून मुद्दाम आंखून वसविलेली आहे. आणि एकदोन पिढ्यांच्या अवधींत खाणावळ, इराणी आणि उडपी या तिन्ही संस्था तेथें एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर नांदूं लागल्या.

प्रथम आपल्या भाषेचीच साक्ष घेऊं. इंग्रजींत ‘हॉटेल’ म्हणजे प्रवाशानें रात्रीं मुक्काम करण्याची जागा. मराठींत तो शब्द आला आणि त्यांतील बिछाना नाहींसा होऊन चहाचा कप तेवढा शिल्लक राहिला. ‘हॉटेलांत गेलों होतों’ असें कोणी म्हटलें तर तो तेथें निजला असेल अशी शंका कोणाला येत नाहीं. तो कांहीं तरी खाऊन आला, एवढेंच आपण समजतों. परक्या गांवीं मुक्काम करण्यासाठीं आपल्याकडे धर्मशाळा होत्या, नातलगांचीं घरें होतीं, देवळांच्या ओवऱ्या होत्या. शिधा बरोबर घ्यावा, तीन दगड मांडावे आणि आपलें आपण शिजवून खावें, ही प्रवासाची जुनी रीत होती. पैसे देऊन परक्याच्या हातचें शिजलेलें खाण्याची जागा मात्र नवी होती, आणि म्हणून तिच्यासाठीं शब्दहि बाहेरून आणावा लागला.

ही गोष्ट किती अवघड होती, हें समजण्यास पुण्याचें एकच उदाहरण पुरेसें आहे. इ. स. १८९० मध्यें पंचहौद मिशनमध्यें एका व्याख्यानाच्या निमित्तानें शहरांतील प्रतिष्ठित मंडळी जमली. पाहुण्यांपुढें चहा व बिस्किटें ठेवण्यांत आलीं. त्या मंडळींत न्यायमूर्ति रानडे होते आणि लोकमान्य टिळकहि होते. पुढें हजर राहिलेल्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झालीं, ग्रामण्य माजलें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें आणि प्रायश्चित्तांचा प्रश्न उपस्थित झाला. रानड्यांसारख्या पुरुषालाहि अखेर १८९२ मध्यें प्रायश्चित्त घ्यावें लागलें. ज्या समाजांत चहाच्या एका पेल्यापायीं एवढें वादळ उठतें, त्याच समाजांतील कारकुनाचा नातू पन्नास वर्षांनीं माटुंग्याच्या हॉटेलांत मसाला दोसा मागवितो, आणि त्याची आजी त्याबद्दल फारसा शब्द काढीत नाहीं! हा फरक केवळ सुधारकांच्या व्याख्यानांनीं पडला असें आम्हांला वाटत नाहीं. त्याचीं कारणें अधिक घरगुती होतीं.

त्यांतील पहिलें कारण प्लेग. इ. स. १८९६ मध्यें मुंबईंत गांठीचा ताप आला, आणि दाटीनें भरलेल्या चाळींत माणसें कशीं राहतात हें सरकारला डोळे उघडून पहावें लागलें. १८९८ मध्यें सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. शहराच्या उत्तरेस दादर, माटुंगा, वडाळा व शीव या बाजूंना रुंद रस्ते, बागा आणि भोंवतीं मोकळी जागा सोडलेल्या इमारती यांच्या योजना आंखल्या गेल्या. पुढील तीन दशकांत हिंदु कॉलनी वसली, मंचेरजी जोशी यांच्या खटपटीनें पारशी कॉलनी उभी राहिली, आणि १९२५ मध्यें पश्चिमेच्या बाजूला पुढें शिवाजी पार्क म्हणून प्रसिद्ध झालेलें मैदान लोकांस खुलें झालें. त्याच वर्षीं बोरीबंदर ते कुर्ला ही विजेची आगगाडी सुरू झाली. हवा चांगली, पाणी चांगलें, आणि कचेरी मात्र पूर्वीप्रमाणेंच किल्ल्यांत! गिरगांवांतल्या कारकुनास कचेरी तितकी दूर नव्हती. दादरच्या कारकुनाला घर आणि पोट यांमध्यें आगगाडी येऊन उभी राहिली.

या अडचणीवर मुंबईनें काढलेला पहिला उपाय पाहण्यासारखा आहे. माणसानें बाहेर खाण्याऐवजीं घरचें अन्नच त्याच्या मागोमाग शहरांत पाठवावें, असा तो उपाय होता. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनीं सुरू केलेली डबेवाल्यांची व्यवस्था म्हणजे या उपायाचें मूर्त स्वरूप होय. तिच्या अचूकपणाचें कौतुक सारे जग करतें. परंतु तिच्यामागची भीति फारशी कोणी ध्यानांत घेत नाहीं. आपल्या घरचें, आपल्या जातीच्या रिवाजाचें, आपल्याच बाईच्या हातचें अन्न मिळावें म्हणून मैलोगणती पितळी डबा वाहून नेणें लोकांना सोयीचें वाटलें, इतकें परक्या हातच्या अन्नाचें भय खोल होतें. डबा हा जितका जिव्हाळ्याचा, तितकाच सोंवळ्याचाहि वारस आहे.

परंतु ज्याच्या घरीं डबा भरणारें कोणी नाहीं, त्यानें काय करावें? उपनगरांत असे लोक पुष्कळ होते. कोंकणांत कुटुंब ठेवून नोकरीसाठीं आलेला पुरुष होता. खोलींत चौघे मिळून राहणारे उमेदवार होते. आणि १९२३ मध्यें व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट माटुंग्यास आल्यापासून, व १९३७ मध्यें रुइया व खालसा हीं कॉलेजें निघाल्यापासून, विद्यार्थ्यांचीहि भर पडली. यांच्यासाठीं खाणावळ होती. महिन्याचे पैसे आगाऊ भरावे, ठराविक वेळीं पाटावर येऊन बसावें, वरण-भात, पोळी, एक भाजी, ताक आणि रविवारीं कांहीं गोड. उशीर झाला तर आमटींत पाणी वाढलेलें असावयाचें. खाणावळीची थट्टा आमच्या विनोदी लेखकांनीं पुष्कळ केली आहे. तरी परगांवच्या पोरांना तिनें जगविलें, हें विसरतां कामा नये. मात्र खाणावळ ही घराचीच नक्कल होती. स्वयंपाकी कोण आणि शेजारच्या पाटावर कोण, याची हमी ती देत असे, आणि त्या हमीचेच पैसे घेत असे.

ही हमी पाटीवरहि लिहिलेली असे. दादरास १९१० मध्यें नारायण विष्णु काणे यांनीं जें उपाहारगृह काढलें आणि जें पुढें ‘मामा काणे’ या नांवानें घरोघर ठाऊक झालें, त्याच्या नांवांत ‘दक्षिणी ब्राह्मणाचें’ आणि ‘स्वच्छ’ हीं दोन विशेषणें जोडीनें होतीं. आम्हांला ही पाटी त्या काळाचा एक शिलालेखच वाटते. पहिलें विशेषण जुन्या जगाचें, दुसरें नव्या जगाचें. आजोबांनीं पहिला शब्द वाचून आंत पाऊल टाकावें आणि नातवानें दुसरा वाचून. कालांतरानें सर्वत्रच पहिला शब्द निरुपयोगी झाला आणि दुसरा तेवढा उरला. बटाटेवड्याची चव मात्र दोघांनाहि सारखीच लागली असावी.

इराण्याची गोष्ट वेगळी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभीं यझ्द व किरमाण या बाजूंचे झरतुष्ट्री लोक इराणांतील छळाला व दारिद्र्याला कंटाळून मुंबईस आले, आणि नाक्यानाक्यावर त्यांनीं चहाचीं दुकानें थाटलीं. कोपऱ्याची जागा हिंदु दुकानदाराला अशुभ वाटे, म्हणून ती इराण्याला मिळाली, असें म्हणतात. तें खरें असो वा नसो, कोपऱ्यावर दोन रस्त्यांचें गिऱ्हाईक येतें, हें इराण्यानें ओळखलें. संगमरवरी टेबलें, वांकविलेल्या लांकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, बरणींत बिस्किटें, आणि मस्का लावलेला पाव. त्यानें कोणाला जात विचारली नाहीं, कारण त्याला स्वतःला येथील जातींच्या उतरंडींत जागा नव्हती. सोंवळ्या घरांतील मुलगा इराण्याकडे प्रथम गेला तो बहुधा चोरूनच. पण एकदां गेला तो पुन्हा गेला. कपभर चहावर तासभर बसून वर्तमानपत्र वाचण्याची सोय तेथेंच होती, आणि घरांतील दोन खोल्यांत ती नव्हती.

तरीहि सबंध कुटुंब इराण्याकडे जेवावयास गेलें नाहीं. अंडीं, पाव आणि परधर्मीयाचा हात, हीं तीन कुंपणें गृहिणीला ओलांडवत नव्हतीं. तीं ओलांडण्याची गरजच उडप्यानें ठेविली नाहीं. उडुपी हें दक्षिण कानड्यांतील क्षेत्र. तेराव्या शतकांतील मध्वाचार्यांची परंपरा, कृष्णाचें देऊळ आणि त्याची पूजा पाळीपाळीनें चालविणारे आठ मठ यांमुळें प्रसिद्ध. तेथें अन्नदानाची मोठी परंपरा असल्यामुळें हजारों पानांचा स्वयंपाक करणारे हात त्या मुलखांत तयार होते. आणि शेती तुटपुंजी असल्यामुळें ते हात बाहेर पडावयासहि तयार होते. पोरवयांत मुंबईस यावें, दिवसा भांडीं घासावीं, रात्रीं कन्नड रात्रशाळेंत अक्षरें गिरवावीं आणि पुढें स्वतःचें दुकान काढावें, असा कित्येकांचा क्रम होता. अशाच हॉटेलांतील कष्टांतून वर आलेल्या ए. रामा नायक यांनीं १९३६ मध्यें माटुंग्याच्या किंग्ज सर्कलपाशीं ‘कॅफे म्हैसूर’ आणि १९४२ मध्यें स्टेशनाजवळ ‘उडिपि श्रीकृष्ण बोर्डिंग’ सुरू केलें. दक्षिणी वस्ती माटुंग्यांत अगोदरच दाट झाली होती. तिच्या सोयीसाठीं निघालेल्या या जागा लवकरच मराठी व गुजराती शेजाऱ्यांच्याहि झाल्या.

उडप्याच्या यशाचें मर्म त्याच्या पिठांत आहे. तांदूळ व उडीद हे स्वस्त जिन्नस. रात्रीं वाटून ठेवावे, सकाळपर्यंत तें पीठ आपोआप फुगतें. एकाच पिठाची इडली होते, दोसा होतो, उत्तप्पाहि होतो. भांडवल थोडें, नासाडी थोडी, आणि पदार्थ मागतांच गरम. परंतु व्यापाराच्या या हिशेबापेक्षांहि मोठें मर्म दुसरें होतें. ब्राह्मणाच्या हातचें कोणत्याहि जातीला चालतें, हा जुन्या शास्त्राचाच नियम. तो नियम माणसांना एकमेकांपासून दूर ठेवण्याकरितां होता. उडप्याच्या हॉटेलांत त्यानेंच त्यांना एका छपराखालीं आणलें. स्वयंपाकघर सोंवळें राहिलें, आणि टेबल मात्र ओंवळें झालें! आंत कोण शिजवितो हें विचारून निःशंक झालेला गिऱ्हाईक बाजूला कोण बसतो हें विचारावयाचें हळूहळू विसरला. घाईची वेळ, मोजकीं टेबलें आणि दारांत खोळंबलेले लोक यांनीं त्याला विसरावयास लावलें. आमच्या मतें सहभोजनाच्या चळवळीला न कळत मिळालेलें हें मोठेंच साहाय्य होतें.

परंतु येथें थांबून उपनगराची आरती ओंवाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. हें छप्पर सर्वांसाठीं नव्हतें. ज्यांना समाजानें अस्पृश्य ठरविलें होतें, त्यांना देशभर कित्येक उपाहारगृहांचें दार बंद होतें. कोठें त्यांच्यासाठीं बाहेर वेगळा कप टांगलेला असे. दादरच्या हिंदु कॉलनींत ‘राजगृह’ बांधून डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत होते, आणि १९२७ मध्यें महाडच्या तळ्यावर पाण्याच्या हक्कासाठीं त्यांना सत्याग्रह करावा लागला होता, या दोन गोष्टी एकत्र आठवाव्या. उडप्याच्या पिठानें जें साधलें तें सवर्णांपुरतेंच साधलें. पुढचें काम भुकेनें किंवा व्यापारानें झालें नाहीं, तें कायद्याला करावें लागलें. म्हणूनच १९५० मध्यें अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत दुकानें, विहिरी व तळीं यांच्याबरोबर सार्वजनिक उपाहारगृहांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली आहे. देशाच्या मूलभूत हक्कांत हॉटेलाचें नांव यावें, हें परक्याला विचित्र वाटेल. पंचहौदाचा चहा ज्याला ठाऊक आहे, त्याला तें वाटणार नाहीं.

स्त्रियांचा प्रवेशहि असाच टप्प्याटप्प्यानें झाला. प्रथम त्या आल्याच नाहींत. पुडीं बांधून घरीं नेलीं गेलीं. मग ‘फॅमिली रूम’ची पाटी लागली, पडदा किंवा लांकडी आडोसा आला, आणि त्या आडोशामागें आई, मावशी व मुलें संकोचानें बसूं लागलीं. आडोसा गेला तो कोणत्या ठरावानें नव्हे. नोकरी करणाऱ्या मुली एकट्या येऊन चहा मागूं लागल्या तेव्हां त्याचें प्रयोजनच संपलें. आणि ज्या स्त्रिया इतके दिवस गिरणी-कामगारांच्या खाणावळी आपल्या खोलींतच चालवीत होत्या, त्यांच्या कष्टांनाहि १९७५ मध्यें प्रेमाताई पुरव यांनीं स्थापिलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळानें संघटनेचें बळ दिलें. बाहेरच्या जेवणाचा इतिहास लिहितांना टेबलाकडे पाहून चुलीकडे पाठ फिरविणें बरें नव्हे.

आतां रविवारीं सकाळीं एखादें कुटुंब उपनगरांतल्या हॉटेलाच्या दारांत आपल्या पाळीची वाट पहात उभें असतें. त्यांत आजी असते, सून असते, मोबाइलमध्यें मान घातलेला नातू असतो. जागा मिळते ती बहुधा अनोळखी माणसांच्या टेबलावर. चटणीचें भांडें कोणी तरी सरकवून देतो, आजी तें घेते. त्या सहज हालचालींत दीडशें वर्षांचा वाद मिटलेला असतो, आणि तो मिटला आहे हें त्या टेबलावर कोणाच्याहि मनांत येत नाहीं. तसें तें मनांत येऊं नये, हेंच उचित. मात्र तेंच कुटुंब घरीं परत गेल्यावर, कामाला येणाऱ्या बाईसाठीं बाजूला ठेवलेला वेगळा कप जर फडताळांत दिसला, तर उपनगरांतील पंगत अजून पुरती उठलेली नाहीं असेंच आम्हांला म्हणावें लागेल. नाक्यावरच्या हॉटेलानें आपलें काम केलें आहे. घराच्या स्वयंपाकघरानें तें पुढें न्यावयाचें आहे.