लातूर रोड: नाव लातूरचे, गाव चाकूर तालुक्यातले

लातूर रोडचे तिकीट काढले म्हणजे लातूर शहरात उतरता येईल, असे समजणारा नवखा प्रवासी फसतो. हे स्टेशन शहरापासून तीसेक किलोमीटर दूर, चाकूर तालुक्यात आहे. परळी वैजनाथ, लातूर आणि उदगीर-बिदर-विकाराबाद अशा तीन दिशांचे मार्ग येथे मिळतात. जंक्शनभोवतीची वस्ती मात्र लहानच राहिली.

नावातला ‘रोड’ हा रेल्वेच्या जुन्या पद्धतीचा भाग आहे. मोठे गाव लोहमार्गापासून बाजूला पडले, तर तिकडे जाणारा रस्ता जिथून फुटतो त्या स्टेशनाला त्याच गावाचे नाव देऊन पुढे ‘रोड’ जोडत. नाशिक रोड आणि सावंतवाडी रोड ही अशीच नावे. कुर्डुवाडीलाही पूर्वी ‘बार्शी रोड’ म्हणत.

लातूरला स्वतःची रेल्वे 1911 मध्ये मिळाली. ती बार्शी लाइट रेल्वेची, अडीच फूट रुंदीची छोटी गाडी होती आणि ती पश्चिमेला कुर्डुवाडीकडे जाई. निजामाच्या रेल्वेने विकाराबादहून बिदरपर्यंत 1930 मध्ये मार्ग आणला आणि पुढे तो उदगीरमार्गे परळीपर्यंत वाढवला. हा मार्ग ब्रॉडगेज होता आणि लातूर शहराला बाजूला ठेवून गेला. कुर्डुवाडी ते लातूर पट्टा ब्रॉडगेज झाला तो थेट 2007-08 मध्ये. आज लातूर स्टेशन मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात आहे, तर लातूर रोड दक्षिण मध्य रेल्वेच्या सिकंदराबाद विभागात.

या भागाची प्रशासकीय घडी रुळांपेक्षा जास्त वेळा बदलली. निजामाच्या काळात अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यात होते. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत ते उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. 15 ऑगस्ट 1982 रोजी लातूर जिल्हा वेगळा झाला आणि हे तालुके त्यात आले.

लोकसंख्येचे आकडे पाहिले की रेल्वे आली म्हणजे गाव वाढते, हा समज डळमळतो. 2011 च्या जनगणनेनुसार लातूर शहरात 3,82,940 आणि उदगीरमध्ये 1,03,550 लोक होते. उदगीरला रेल्वे आहे खरी, पण किल्ला आणि बाजार रेल्वेच्या आधीपासूनचे. मराठे आणि निजाम यांची 1760 ची लढाई तिथलीच. रेल्वेच नसलेल्या अहमदपूरची लोकसंख्या सुमारे 44 हजार होती. तालुक्याची कचेरी, बाजारपेठ आणि लातूर-नांदेड रस्ता यांवर ते शहर वाढले.

मग कुर्डुवाडी कशी वाढली? तिथे दोन वेगळ्या रुंदीचे रूळ भेटत. प्रत्येक पोते एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरावे लागे. त्यामुळे हमाल आले, शिवाय कारखाना आणि कर्मचाऱ्यांची घरे उभी राहिली. नाशिक रोडला नोटांचा छापखाना मिळाला. लातूर रोडला यातले काहीच आले नाही. तूर आणि सोयाबीनचा व्यापार लातूरच्या आडतीत होतो. इथे प्रवासी गाडी बदलतो आणि निघून जातो.

अहमदपूरकरांसाठी मात्र हेच स्टेशन महत्त्वाचे आहे, कारण ते त्यांच्या जवळच्या स्टेशनांपैकी एक. नांदेड ते लातूर रेल्वेने जायचे तर पूर्णा, परभणी, परळी आणि लातूर रोड असा मोठा वळसा पडतो. रस्ता मात्र लोहा-अहमदपूर-चाकूर असा बराच सरळ आहे. हाच आजचा राष्ट्रीय महामार्ग 361. म्हणूनच नांदेड-लोहा-अहमदपूर-लातूर रोड अशा नव्या लोहमार्गाची मागणी अनेक वर्षांपासून होत आहे. तो झाला, तर अहमदपूरला पहिले स्टेशन मिळेल आणि लातूर रोडला चौथी दिशा.